स्टारची १८१७ : कानाभोवतीचं कडं

नेथन स्टारने बनवलेली ही अमेरिकी मॉडेल १८१७ चकमकीची रायफल मी सोलून साफ करतोय. मागच्या वेळी गाडी टँगच्या (नळीच्या मागच्या शेपटीच्या) स्क्रूपाशी अडली होती. तो सुटला एकदाचा! ॲसिटोन आणि ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं, थेंबाथेंबाने, आणि खाचेच्या मापाला घासून घेतलेला स्क्रूड्रायव्हर. दुकानात मिळतात त्या निमुळत्या टोकांच्या स्क्रूड्रायव्हरने जुन्या स्क्रूची डोकी फुटतात. हे मी सांगतच राहणार. नळी दस्त्याला बांधणारे तिन्ही बँड काढले, नळी दस्त्यातून अलगद वर आली, आणि आनंद चहा गार होईपर्यंतही टिकला नाही.

कारण कानाभोवती, म्हणजे नळीत जाळ शिरतो त्या भोकाभोवती, एक कडं. तेल लावलेल्या चार शून्यांच्या स्टील वुलने वरचा मळ हटवला, तेव्हा वेगळ्या रंगाच्या लोखंडाची गोल रेघ स्पष्ट झाली. म्हणजे कधीतरी भोक मोठं करून तिथे बूच मारलंय. आता हे सरळ रीकन्व्हर्शन, म्हणजे कॅपवर नेलेली बंदूक पुन्हा चकमकीची केलेली, समजायचं का? १८४० नंतर अशा कितीतरी रायफली कॅपवर (चकमकीऐवजी स्फोटक टोपीवर) आणल्या गेल्या. कान मोठा करून त्यात ड्रम-निपल (कॅप चढवायची बोंडी असलेला छोटा दंडगोल) बसवायचं, ही एक स्वस्त युक्ती. पुढे संग्राहकांकडे चकमकीच्या बंदुकीला जास्त भाव, म्हणून कुणीतरी बूच मारून पुन्हा मूळ रूप ‘आणतं’. विक्रेत्याने अर्थातच ‘ओरिजिनल फ्लिंट’ म्हणून गळ्यात मारली होती.

फ्रिझन (चकमक जिच्यावर आपटून ठिणगी पडते ती पोलादी पट्टी) तर नवं ओतीव आहेच, ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्यामुळे संशय पक्का होत चालला.

पण लॉकचं, म्हणजे चाप-घोड्याच्या यंत्रणेचं, पितळी पॅन (रंजकाची वाटी) काढलं आणि उलट दिशेचा पुरावा हाती आला. पॅनच्या खालच्या अंगावर छिन्नीच्या तीन तिरक्या रेघा आहेत. त्याच तीन लॉकप्लेटच्या आत, त्याच ब्रायडलवर (आतल्या भागांना धरणाऱ्या पट्टीवर), त्याच घोड्याच्या मागे. हे कारागीर लॉकचे भाग एकेका लॉकपुरते घासून जुळवत, म्हणून खुणा कराव्या लागत. (एकमेकांत बदलता येणारे भाग हा जॉन हॉलने हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात बनवलेल्या रायफलींचा मान.) फ्रिझनवर खूण नाही. कॅपवर नेताना पॅन काढून फेकत. नेमकं तेच पॅन पुन्हा सापडून बसलं, हे मला पटत नाही.

मग कड्याचा व्यास मोजला. ड्रमसाठी फारच लहान. ड्रम लॉकप्लेटच्या खोबणीत टेकतो, तिथे दाबाचा वण पडतो. इथे काहीच नाही. कॅपमधल्या क्लोरेटने ब्रीचवर जी खोल खड्ड्यांची पसरण दिसते, तीही नाही. प्लेटवर सौम्य ॲसिड फिरवलं. बुजवलेलं एकही भोक उमटलं नाही. माझं मत : झिजून रुंदावलेल्या कानाला त्याच काळात मारलेलं लोखंडी बूच. रंजकाच्या जाळाने कान झिजत जातो, बारूद वाया जाते, मार मंदावतो. दुरुस्ती अगदी रास्त होती.

खात्री हवी म्हणून तोंडाकडून बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायची दुर्बीण) घालायचाय, आरसा लावून. बुचाचं आतलं टोक दिसलं तर आटे जुने की नवे कळेल. स्वस्त एंडोस्कोपवर भरवसा नाही, सगळं धुरकट दिसतं.

नळीवरचं मूळ तपकिरी जिथे उरलंय तिथे हात लावणार नाही. सोड्याचं इलेक्ट्रोलिसिस सुचवणाऱ्यांनो, त्याने गंजाबरोबर ब्राउनिंगही जाईल! तेल, मग रेनेसाँ वॅक्स (जुन्या वस्तू जपायचं मेण), बस्स. दस्त्यातला लोखंडी लंबगोल पॅचबॉक्स (गोळीभोवतीच्या चिंध्या ठेवायची डबी) मात्र आता खटकन उघडतो. तो आवाज मी दहा वेळा तरी काढला, घरच्यांची बोलणी खात.

ओतीव फ्रिझनला केस-हार्डनिंग करून (वरचा थर टणक करून) इंग्लंडमधल्या ब्रँडनच्या काळ्या चकमकीवर ठिणगी काढायची, असं ठरवलं होतं. लिहिता लिहिता बेत बदलतोय. लॉक मूळचा आहे तर नवं फ्रिझन जुनाट रंगाचं करून खपवण्यात अर्थ नाही. जुन्या तुटक्या कंत्राटी लॉकमधलं झिजलेलं फ्रिझन मिळालं तर त्याच्या तोंडावर पातळ पोलादी पत्रा चिकटवून बसवायचा. तुमच्यापैकी कुणाकडे स्टार किंवा याच रायफलीचा दुसरा कंत्राटदार जॉन्सन यांचा भंगार लॉक पडून असेल तर मला कळवा. पिव्हटच्या भोकाचं माप आधी विचारणार आहे.