हरवलेले १५ कुलोम: कार्बनच्या सेलची तिसरी नोंद

मंडळी, मागच्या नोंदीनंतर बरेच दिवस गेले, सेल चालत होता पण आकडे जुळत नव्हते आणि न जुळलेले आकडे टाकायचे नव्हते. आता जुळलेत, म्हणजे बहुतेक जुळलेत, म्हणून लिहितेय.

जे आत्ताच आलेत त्यांच्यासाठी पटकन: मी सीडीआय (कपॅसिटिव्ह डीआयोनायझेशन, विजेनं पाण्यातलं मीठ काढणं) सेल करतेय, म्हणजे दोन सच्छिद्र कार्बन इलेक्ट्रोडमधून खारं पाणी फिरवायचं, १.२ व्होल्ट द्यायचे, सोडियम मायनसकडे आणि क्लोराइड प्लसकडे जाऊन कार्बनच्या भोकांत चिकटून बसतात आणि पाणी थोडं गोडं होतं. मग दोन्ही टोकं जोडली की मीठ परत सुटतं, ते पाणी वेगळं काढायचं. ब्लेअर आणि मर्फी या संशोधकांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली आणि आज कितीतरी विद्यापीठांत यावर काम चालू आहे. मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हे की आरओमध्ये सगळं पाणी मेम्ब्रेनमधून दाबून काढावं लागतं आणि इथे फक्त मीठ हलतं, पाणी जागेवरच राहतं, त्यामुळे मीठ कमी असेल तिथे हे खरंच फायद्याचं ठरू शकतं. समुद्राच्या पाण्याला नाही, तिथे लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं, एवढं कार्बनला झेपत नाही.

सेल तोच आहे, ५ बाय १० सेंटिमीटरचे चार जोड, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन क्लॉथ, मागे ग्राफाइट फॉइल, मध्ये नायलॉनची जाळी. कार्बन एकूण ६ ग्रॅम. गॅस्केट कोपऱ्यातून गळत होतं, ते बदललं, विषय संपला.

आता मुद्द्याचं. २५० मिली पाणी, १० मिलिमोलर मीठ (लिटरला ५८४ मिलिग्रॅम), कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती सहज जाते ते, मीठ कमी झालं की हा आकडा उतरतो) २५ डिग्रीला साधारण ११८५ मायक्रोसिमेन्स. अर्ध्या तासात ती ८९० वर आली. आधी मी एवढ्यावरच खूश होते, पण नंतर लॉगरवरून करंटची बेरीज केली तर १०५ कुलोम (कुलोम म्हणजे विजेच्या चार्जचं माप) आत गेले होते आणि डिस्चार्ज करताना बाहेर आले फक्त ९०. म्हणजे १५ कुलोम कुठेतरी गेले, दर वेळी, न चुकता. शिवाय आत गेलेल्या १०५ मध्ये जेवढं मीठ निघायला हवं तेवढं निघत नव्हतंच, निघालं ३७ मिलिग्रॅम, त्याला खरं तर ६१-६२ कुलोम पुरतात (एक मोल मिठाला ९६,४८५ कुलोम, हिशोब करून बघा). चार्ज एफिशियन्सी, म्हणजे आत गेलेल्या चार्जपैकी मीठ काढायला खरा वापरला गेलेला भाग, ५९ टक्के.

सगळ्यात आधी शंका आली शॉर्टची. सेल उघडला, जाळी बघितली, कार्बनचा एखादा धागा पलीकडे टेकतोय का ते बघितलं, काही नाही. पण करंटचा ग्राफ नीट बघितला तेव्हा दिसलं की वीस मिनिटांनंतर करंट शून्यावर येतच नाही, ८ मिलिअ‍ॅम्पिअरवर सपाट होऊन बसतो. अर्ध्या तासाला ८ मिलिअ‍ॅम्पिअर म्हणजे १४.४ कुलोम!! तेच होते ते. शॉर्ट असता तर व्होल्टेज काढल्यावर सेल कोरडा असतानाही रेझिस्टन्स कमी दिसला असता, तसा दिसला नाही, म्हणजे पाण्यातच काहीतरी रिअ‍ॅक्शन चाललेली होती.

आणि ते होतं ऑक्सिजन. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मायनस इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, हे होण्यासाठी १.२ व्होल्टसुद्धा लागत नाहीत, त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतं. २५ डिग्रीला लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, माझ्या २५० मिलीत २ मिलिग्रॅम, आणि तेवढाच खाऊन संपवायला सुमारे १२ कुलोम जातात. बीकर उघडा, म्हणजे वरून हवा परत विरघळतच राहणार. मी तर पंपाचा परतीचा पाइप पाण्याच्या वर ठेवला होता, धार पडत होती आणि प्रत्येक थेंबाबरोबर हवा आत जात होती. पाइप पाण्याखाली नेला, पाणी आधी उकळून झाकून गार केलं, वर प्लॅस्टिकची फिल्म तरंगत ठेवली. ८ वरून ३ मिलिअ‍ॅम्पिअर. एवढ्या साध्या गोष्टीनं!

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट, ज्यांनी महिनाभर एकच सेल चालवलाय त्यांनी ही नक्की तपासा. साठेक सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज) माझ्या जुन्या क्लॉथमध्ये व्होल्टेज दिल्याबरोबर कंडक्टिव्हिटी कमी व्हायच्या ऐवजी आधी वर जायची आणि मगच खाली यायची. मला मीटर बिघडलाय असं वाटलं, दोनदा कॅलिब्रेट केला. मीटर बरोबर होता. प्लसकडचा कार्बन हळूहळू ऑक्सिडाइझ होतो, त्यावर कार्बोक्झिलसारखे (ऑक्सिजन असलेले) रासायनिक गट तयार होतात, त्यांच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, मग काहीही व्होल्टेज नसतानाच तो सोडियम धरून बसतो. आपण प्लस दिला की क्लोराइड घेण्याआधी तो हा सोडियम बाहेर फेकतो. केंटकी विद्यापीठातल्या गटानं २०१५ मध्ये याचाच उपयोग करून उलटा सीडीआय करून दाखवला, म्हणजे टोकं जोडल्यावर मीठ धरायचं आणि व्होल्टेज दिल्यावर सोडायचं. आपण ज्याला बिघाड म्हणतो त्यातून त्यांनी चालणारी पद्धत काढली, हे वाचून मी खरंच थक्क झाले.

मी मात्र सरळ मार्ग घेतला, नवीन क्लॉथ, आणि दर सायकलला प्लस-मायनस उलटे, म्हणजे एकाच बाजूवर सगळा मार पडत नाही.

उरलेले २८ कुलोम राहिले होते (१०५ मधून ६२ आणि १५ वजा). ते खातात इलेक्ट्रोडसारखाच चार्ज असलेले आयन (आयन म्हणजे चार्ज असलेले कण, इथे सोडियम आणि क्लोराइड). मायनस इलेक्ट्रोडच्या भोकांत आधीपासून क्लोराइडही असतो, थोडा चार्ज सोडियम आत ओढण्याऐवजी तो क्लोराइड बाहेर ढकलण्यात जातो, पाण्यातलं मीठ तेवढ्यानं कमी होत नाही. यावर उपाय मेम्ब्रेन, मायनससमोर फक्त प्लस आयन जाऊ देणारी कॅटायन एक्स्चेंज, प्लससमोर फक्त मायनस आयन जाऊ देणारी अ‍ॅनायन एक्स्चेंज. बाहेर पडणारे आयन तिथेच अडकतात आणि उलट जास्तीचे आयन आत ओढून आणतात. (मेम्ब्रेन आधी मिठाच्या पाण्यात भिजवा आणि मगच कापा, भिजल्यावर फुगते, माझी पहिली जोडी सुरकुतून वाया गेली.) पण मेम्ब्रेन लावल्यावर पोलॅरिटी उलटी करता येत नाही, हे लक्षात घ्या, म्हणून ऑक्सिजनची काळजी आता दुप्पट.

नवा निकाल: ११० कुलोम, ५८-५९ मिलिग्रॅम मीठ, कंडक्टिव्हिटी ७२० च्या आसपास, एफिशियन्सी ८८ टक्के. कार्बनच्या ग्रॅमला जवळपास १० मिलिग्रॅम.

ऊर्जेचा हिशोबही केला. सरळ १.२ व्होल्ट लावून ठेवले तर ११० कुलोमला १३२ जूल जातात आणि कपॅसिटर असा चार्ज केला की निम्मी ऊर्जा वाटेतच उष्णता होऊन जाते, सेल कितीही चांगला केला तरी. म्हणून आता ठरावीक करंटनं चार्ज करतेय, १०० मिलिअ‍ॅम्पिअर, १.२ ला पोचला की थांबायचं. ९८ कुलोम, ५२ मिलिग्रॅम मीठ, आणि फक्त ७१ जूल. मिलिग्रॅममागे २.२५ वरून १.३७ जूल. मीठ थोडं कमी निघतं, पण मला हा सौदा मान्य आहे. डिस्चार्जची वीज अजून रेझिस्टरमध्येच जातेय, ती सुपरकपॅसिटरमध्ये घ्यायचं सर्किट जोडायला घेतलंय. ब्रोजोली या संशोधकानं २००९ मध्ये याच प्रकारच्या कार्बन इलेक्ट्रोडनी गोड्या-खाऱ्या पाण्याच्या फरकातून वीज काढून दाखवली होती, तोही प्रयोग याच सेलवर होईल असं वाटतंय.

करून बघणार असाल तर दोन गोष्टी, हे पाणी प्यायचं नाही, आणि १.२ च्या वर जाऊ नका, व्होल्टेज चढलं की पाणी तुटायला लागतं, क्लोरीनही सुटू शकतो, खिडकी उघडी ठेवा.

सध्या नवीन क्लॉथची ४१ वी सायकल चालू आहे, व्होल्टेज दिल्यावर पहिल्या काही सेकंदांत आकडा अजून वर गेलेला नाही. साठ ओलांडली की ग्राफ टाकते.