तुम्ही विचारलंत म्हणून: टॉमी जॉन कोण होता?

बेसबॉल बघतो म्हटलं की एक प्रश्न मला हमखास येतो, "अमक्या पिचरचं (म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं) टॉमी जॉन झालं म्हणतात ते काय असतं, आणि हा टॉमी जॉन कोण, डॉक्टर का?" डॉक्टर नाही हो, टॉमी जॉन हे कोपराच्या एका ऑपरेशनचं नाव, आणि ते पहिल्यांदा करणाऱ्या डॉक्टरांचं नाव फ्रँक जोब. टॉमी जॉन पेशंट होता, पण त्याच्या आधी आणि नंतरही तो पिचर होता, डावखुरा, 1963 ते 1989 मध्ये 26 सीझन खेळलेला, 288 विजय (टीमने जिंकलेली मॅच पिचरच्या नावावर लागते) नावावर असलेला, आणि एवढ्या माणसाचं लोकांना फक्त कोपर माहीत असतं याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्रिकेटवाल्यांसाठी आधी एक गोष्ट. आपल्या बॉलरला कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, आणि फास्ट बॉलरची बऱ्याचदा पाठ जाते. पिचरला रनअपच नाही, जागेवरून पाय उचलायचा, हात कोपरात वाकवून मागे न्यायचा आणि झटक्यात पुढे आणायचा, मोठा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर). 17 जुलै 1974 ला लॉस एंजेलिस डॉजर्स टीमकडून माँट्रियलविरुद्ध खेळताना टॉमीचं तेच लिगामेंट गेलं. त्या सीझनला तोवर त्याने 13 मॅच जिंकलेल्या आणि फक्त 3 हरलेल्या, म्हणजे ऐन भरात होता. त्या काळी हे तुटलं की पिचरचं करिअर संपलं, विषय बंद.

जोबनी सप्टेंबरमध्ये त्याच्या उजव्या हातातलं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवलं. कुठलं टेंडन, तर अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट आत वळवा, मधोमध दोरीसारखं उठतं ना ते (काहींना ते नसतंच, आणि नसलं तरी काही अडत नाही). परत पिचिंग करण्याची शक्यता जोबनी शंभरात एक सांगितली होती. त्यात हाताच्या नर्व्हचा त्रास झाला, दुसरं ऑपरेशन करावं लागलं, 1975 चा सीझन पूर्ण गेला. टीममधला माइक मार्शल, ज्याचा शरीराच्या हालचालींचा अभ्यास होता, त्याने टॉमीला परत उभं राहायला मदत केली.

आणि मग पुढचं बघा, माझ्या मते खरं करिअर इथे सुरू होतं. 1976 ला 10 विजय 10 पराभव, 1977 ला 20 विजय, मग न्यूयॉर्क यांकीज टीमकडे जाऊन 1979 ला 21 आणि 1980 ला 22. ऑपरेशनच्या आधी त्याने एकदाही 20 गाठले नव्हते! 288 पैकी 164 विजय नंतरचे आहेत. बऱ्याच जणांना वाटतं ऑपरेशनने बॉल फास्ट झाला असेल, पण टॉमी कधीच स्पीडवाला नव्हता, त्याचं हत्यार सिंकर, बॉल बॅटपाशी येता येता खाली बसतो, बॅट्समन बॉलच्या वरच्या भागाला मारतो, बॉल जमिनीवरून सरपटत फील्डरकडे जातो, तो बॅट्समन पोचायच्या आधी पहिल्या बेसला फेकतो आणि आउट. स्कोअरबोर्डवर 100 माइल्स बघून टाळ्या वाजवणाऱ्यांना हे बोअर वाटेल पण मला तरी याच्याइतकं सुंदर पिचिंग वाटत नाही, कारण त्यात बॅट्समनला फसवायचं असतं आणि आपल्या फील्डर्सवर भरवसा ठेवायचा असतो, आणि हे तो वयाच्या 46 व्या वर्षापर्यंत करत होता.

वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, मात्र नशिबात नाही. 1977 आणि 1978 ला डॉजर्सकडून यांकीजविरुद्ध हरला, आणि 1981 ला यांकीजकडून खेळत होता तर डॉजर्स जिंकले.

हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या सर्वोत्तमांच्या सन्मानाच्या यादीसाठी) 75 टक्के मतं लागतात, त्याचं नाव 15 वर्षं मतदानात होतं आणि तो कधी त्याच्या जवळपासही गेला नाही. मला हे पटत नाही. विजय जास्त वर्षं खेळल्याने जमले, असं म्हणतात. अहो, तुटलेल्या कोपराने जास्त वर्षं खेळणं हेच तर कोणाला जमलं नव्हतं तोवर. जपानी स्टार शोहेई ओहतानीने 2018 ला हेच ऑपरेशन करून घेतलं तेव्हा परत येता येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, टॉमीच्या वेळी तसं एकही उदाहरण समोर नव्हतं. नुसते 288 विजय बघितले तरी माझं मत त्यालाच.