पंख्याखालच्या तीन खुर्च्या

ऑक्टोबरमधला सोमवार होता. सत्र परीक्षेला नऊ दिवस राहिलेले, त्यामुळे काउंटरवर सकाळपासून एकच प्रश्न. मॅडम, जुने पेपर कुठे आहेत? या दिवसांत जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फायलींचे इतके हाल होतात की दिवाळीनंतर त्या पुन्हा शिवून घ्याव्याच लागतात.

मी पुण्यातल्या पेठेतल्या एका कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहे. कॉलेजचं नाव राहू दे. देवघेव, नो ड्यूजच्या सह्या, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायली आणि गेली तीन वर्षं लायब्ररीचं इन्स्टाग्राम खातं, एवढं माझ्याकडे आहे. शेवटचं काम कुणी सांगितलं नव्हतं, मीच अंगावर ओढून घेतलं.

त्याआधी व्हॉट्सॲप ग्रुपचा प्रयोग झाला होता. हौसेने दीडशे मुलं घेतली. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, ही गोष्ट मला माहीत होती, पण तिचा अर्थ कळला तो एक मुलगी रडवेली होऊन आली तेव्हा. ग्रुपमधून नंबर उचलून कुणीतरी तिला रात्री-अपरात्री मेसेज करत होतं. त्याच दिवशी ग्रुप बंद केला. चूक माझी होती, तिची माफी मागितली. अजूनही ती जिन्यात दिसली की मला ओशाळल्यासारखं होतं.

मग इन्स्टाग्राम. 'न्यू अरायव्हल्स', 'नो युवर लायब्ररी', 'एन-लिस्टवरची ई-बुक्स घरबसल्या वाचा', आणि १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनानिमित्त भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा फोटो. सगळं कॅनव्हा ॲपवर, सगळं इंग्रजीत. रंगसंगती जुळवण्यात दोन-दोन तास घालवलेत मी. लाईक कोण करायचं? बाकीच्या कॉलेजांतले ग्रंथपाल. ते आमच्या पोस्टला, आम्ही त्यांच्या. संक्रांतीच्या वाणासारखं, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती मुलं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांना महिन्याचे पैसे भरून बसत होती, आणि आमचा रीडिंग हॉल आयकार्डवर फुकट होता.

तर त्या सोमवारी काउंटर सोडून हलता येईना. ऑफिसचा जुना फोन मी 'कमवा आणि शिका' योजनेतल्या मुलाच्या हातात दिला. एस. वाय. बी. कॉम.चा, बीडकडचा. रोज दुपारी येऊन पुस्तकांच्या पाठीवर लेबलं चिकटवतो. म्हटलं, हॉलची वेळ वाढवलीय, तेवढी स्टोरी टाक. तो "हो मॅडम" म्हणाला आणि मी विसरून गेले.

तासाभरात हॉलकडे रीघ लागली. मी फोन मागवून पाहिला. त्याने पोस्टर-बिस्टर काही केलं नव्हतं. दारातून हॉलचा एक तिरका फोटो, आणि त्यावर लिहिलेलं:

'आत्ता ११ खुर्च्या रिकाम्या. ३ पंख्याखाली. २ प्लगजवळ. रात्री ९ पर्यंत उघडं.'

शुद्धलेखनासकट बरोबर होतं, हे मी आधी पाहिलं. सवय. मग हसू आलं. रंगनाथनांची पाच सूत्रं, १९३१ची, मी बी. लिब.ला घोकून पाठ केली होती. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. परीक्षेच्या तोंडावर वाचकाचा वेळ नेमका कुठे जातो, तर लांबून चालत यायचं आणि हॉल भरलेला बघून परत फिरायचं, यात. ते या पोराला न शिकता ठाऊक होतं.

चारच्या सुमारास त्याच स्टोरीला उत्तर म्हणून एक मेसेज आला. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल, खात्याला नाव नाही. रोमन अक्षरांत मराठी:

'मॅडम, लायब्ररीत मराठीत बोललं तर चालतं का?'

मला आधी ती थट्टा वाटली. त्या क्षणी आमचे शिपाईमामा दारात कुणावर तरी ओरडत होते, "ए राजा, बॅग बाहेर, किती वेळा सांगायचं?" काउंटरवर मी, पलीकडे बाइंडरशी हुज्जत घालणारे ग्रंथपाल सर, सगळा कारभार मराठीतच. पण मेसेज पुन्हा वाचला तेव्हा थट्टा वाटेना. मी लिहिलं, 'हो गं. काय हवंय?'

ती लिहीत असल्याचे ठिपके दिसले, गेले, पुन्हा दिसले. माझ्यासमोर तिघं जण पुस्तकं घेऊन उभे होते. मी त्यांना थांबवलं.

एफ. वाय. बी. ए., अर्थशास्त्र. बारावी मराठीतून, मार्क चांगले. इथे वर्गात सगळं इंग्रजीतून आणि भराभर. वर्गात विचारायची लाज वाटते. जून गेला, जुलै गेला, लायब्ररीत पाऊल टाकलं नाही. आणि शेवटी, 'तुमच्या पेजवर सगळं इंग्रजीत असतं, म्हणून वाटलं आत पण तसंच असेल. आज मराठीत दिसलं म्हणून विचारलं.'

तीन वर्षं मी लायब्ररीचा दरवाजा उघडते आहे असं समजत होते. माझ्या त्या देखण्या पोस्टरांनी तिला काय सांगितलं, ते मला असं कळलं.

काय अडतंय म्हणून विचारलं, तर तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. 'लॉ ऑफ डिमिनिशिंग मार्जिनल युटिलिटी', खाली पेन्सिलीने तीन प्रश्नचिन्हं. मी उठले. संदर्भ विभागात, तळच्या फळीवर, ३३०.०३ या क्रमांकाला अर्थशास्त्र परिभाषा कोश असतो. भाषा संचालनालयाने काढलेला. इंग्रजी शब्द, समोर मराठी. हे कोश करण्यासाठी त्या त्या विषयातले जाणकार बसवून एकेक शब्द घोळवला जायचा, आणि आमच्याकडे तो फळीवर धूळ खात होता. काढला तेव्हा शेजारच्या दोन पुस्तकांची पुठ्ठी त्याला चिकटून आली. वरच्या कडेवर बोट फिरवलं तर करडी रेघ उमटली.

मार्जिनल युटिलिटी, सीमांत उपयोगिता. बोट त्या ओळीवर ठेवून फोटो काढला, पाठवला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'म्हणजे घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत!!! हा तर मला बारावीला आला होता. पाचवा पेढा पहिल्याइतका गोड लागत नाही, तो.'

तोच. अर्थशास्त्रज्ञ मार्शलच्या मांडणीत पेढे नव्हते, पण तोच.

संध्याकाळी सरांना सांगितलं. त्यांनाही मनापासून आनंद झाला आणि ते लगेच म्हणाले, "त्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नॅकला बेस्ट प्रॅक्टिसमध्ये लावू. नाव झाका म्हणजे झालं." मी नाही म्हटलं. नाव मुळात नव्हतंच, पण त्या वाक्यांवरून वर्गातल्या दोघीतिघींनी तिला ओळखलं असतं. वर्षभरापूर्वी मीही आनंदाने लावले असते. सर जरा नाराज झाले, मग चहा मागवला.

निघण्यापूर्वी मी स्वतः एक स्टोरी लिहिली. रंग नाही, चौकट नाही. 'लायब्ररीत मराठी चालतं, हिंदी चालतं, मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. मामांशी अहिराणीत बोललात तर ते जास्त वेळ बोलतील.' मामा धुळ्याचे. खाली कोशाचा फोटो आणि 'काउंटरशेजारच्या टेबलावर ठेवलाय.' स्टोरी चोवीस तासांनी जाते, म्हणून ती खात्यावर कायम राहील अशी हायलाइटमध्येही घातली.

मंगळवारी साडेदहापासून मुली येऊन "ते फोटोतलं पुस्तक" मागू लागल्या. दुपारपर्यंत चौघी. एकीने तर आयकार्ड पुढे करून घरी नेऊ का विचारलं. संदर्भग्रंथ, शिक्का दाखवावा लागला. त्या चौघींत जास्वंदीचं फूल कोणतं, मला ओळखता आलं नाही. एक जरा जास्तच वेळ पानं चाळत उभी होती, पण ती नुसती चिकित्सकही असेल. मी विचारलं नाही.

शुक्रवारी कोश टेबलावरून उचलला तर आत बसच्या तिकिटांच्या, वहीच्या कपट्यांच्या खुणाच खुणा. एका पानावर 'इलॅस्टिसिटी'समोर कुणीतरी पेन्सिलीने टिंब दिलेलं. संदर्भग्रंथात खुणा करायच्या नाहीत, अशी पाटी आमच्या भिंतीवर आहे. खोडरबर हातात घेतलं होतं, ठेवून दिलं.

कमवा-शिकातला मुलगा फोन मागायला आला. जाता जाता त्याने स्टोरी टाकली: 'कोश टेबलावर आहे, नंबर लावून बघा. हॉलमध्ये ४ खुर्च्या. पंख्याखाली एकही नाही.'