नव्या रिंगा, भारीचं तेल

आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन तीन वर्षांत दोनदा खोलावं लागलं. पहिल्यांदा ते म्हातारं झालं म्हणून, दुसऱ्यांदा मी त्याचे फार लाड केले म्हणून.

गाव अमळनेर तालुक्यात. ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, ३५ एचपी, नानांनी म्हणजे वडिलांनी घेतलेला. धूर निळा, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतून, फसफस, आणि २० तासांना लिटरभर तेल फस्त. आखाजी झाल्यावर इंजिन उतरवलं. लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, त्यावरच्या रिंगा, बेअरिंग सगळं नवं, क्रँक ग्राइंडिंग करून आणला. खर्चाचा आकडा लिहीत नाही, नाना वाचतात.

एवढा पैसा ओतल्यावर तेलात कशाला कंजुषी, म्हणून दुकानातलं सगळ्यांत महागडं फुल सिंथेटिक उचललं. मग आमच्याकडची जुनी रीत पाळली. नवं इंजिन अंगणात रिकामंच गुरगुरत ठेवायचं. दोन दिवस आयडलवर ठेवलं. पुढचे दोन आठवडे पाण्याची टाकी आणि रिकामी ट्रॉली, तेही कमी रेसवर. नांगराला जुंपायचं नाव कोणी काढलं की मी अंगावर जायचो.

नाना रोज सकाळी विचारायचे, "कितलं पेलं?" आणि मी तेल मोजायची दांडी पुसून बघायचो तर लेव्हल खाली गेलेली. मिस्तरी म्हणायचे, नवं आहे, पिणारच. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला, तरी ते पीतच होतं.

शेवटी दुसऱ्या मिस्तरींकडे नेलं. त्यांनी हेड काढलं आणि टॉर्च मारून मला आत बघायला लावलं. लायनर आरशासारखे चकाकत होते. मला वाटलं, वा, काय गुळगुळीत! ते म्हणाले, "हाच तर रोग शे, भाऊ."

त्यांनी समजावलं ते असं. लायनरच्या आतून होनिंग, म्हणजे दगडाने घासाई, करताना मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेषा पाडतात. त्या रेषांत तेल टिकतं, आणि त्यांचे उंचवटे नव्या रिंगेची कड थोडी थोडी घासून तिला लायनरच्या मापात बसवतात. रिंग स्वतःच्या ताणाने लायनरला टेकते खरी, पण तिला जोराने दाबतो तो जळणाऱ्या गॅसचा दाब. तो रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनावर लोड नसेल तर डिझेल कमी जळतं, दाब कमी पडतो आणि रिंग नुसती तेलावरून घसरते. वर राहिलेलं तेल भाजून भिंतीवर व्हार्निशसारखा थर धरतं, रेषा बुजतात. त्यालाच ग्लेझिंग म्हणतात. एकदा ते झालं की पुढे कितीही नांगरा, रिंगा बसत नाहीत. कमी लोडवर तासन्‌तास चालणाऱ्या जनरेटरनाही हाच आजार होतो.

"तेल भारी शे म्हनीसन रिंगा बसतीन का भाऊ?" असं ते म्हणाले तेव्हा मला राग आला होता. घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं. निसरडेपणा ज्यात जास्त, ते तेल घासू कसं देणार? तरी सगळा दोष सिंथेटिकवर ढकलणं मला बरोबर वाटत नाही. आता कित्येक गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात. पण तिथलं सिलिंडरचं फिनिशिंग फार बारीक असतं, आणि आमचं होनिंग झालेलं हातातल्या ड्रिलवर. माझ्या मते तेलाचा गुन्हा चार आणे, माझ्या आयडलचा बारा आणे.

लायनर फारसे झिजलेले नव्हते. त्यांना नव्याने होनिंग मारलं, रिंगा मात्र नव्या घेतल्या. आता तेलाचा प्रश्न.

पुस्तिकेत १५ डब्ल्यू-४० लिहिलेलं होतं. दुकानदार २० डब्ल्यू-४० देत होता. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं ते सांगतो, आणि ४० हा इंजिन तापल्यावरचा घट्टपणा. १५ डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते, २० डब्ल्यूची उणे १५ ला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, त्यामुळे दोन्हींत मला काही फरक पडणार नव्हता. तरी पुस्तिकेतलंच घेतलं. साधं मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं, डब्यावर एपीआय सीआय-४ ही तेलाची प्रत. यातला सी डिझेल इंजिनासाठी, एस असेल तर पेट्रोलसाठी. घर्षण कमी करणारी कुठलीही वेगळी बाटली त्यात ओतायची नाही, हे मिस्तरींनी दोनदा बजावलं.

दुकानात एक घोटाळा होता होता वाचला. पोऱ्याने 'ट्रॅक्टर ऑईल' म्हणून जी बादली उचलून दिली, ती गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ऑईल ब्रेकची होती. बादलीवर ट्रॅक्टरचं चित्र असलं म्हणजे ते इंजिनात जातंच असं नाही.

इंजिन बांधताना मिस्तरींनी बेअरिंगला आणि कॅमला तेल चोपडलं होतं. फिल्टर बसवण्याआधी त्यातही तेल भरलं. मग डिझेल बंद करायची स्टॉपची दांडी ओढून धरली आणि स्टार्टर थोडा थोडा, थांबून थांबून फिरवला, ऑईल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. त्यानंतरच डिझेल सोडलं. इंजिन सुरू झालं, गळती कुठे नाही ना पाहिलं, पाणी जरा गरम झालं, आणि ते म्हणाले, "चला, शेतात."

मी म्हटलं, लगेच?

"इंजिनले आराम नको, काम दे."

नांगर नाही लावला. मेमधली काळी जमीन दगडासारखी, पहिल्याच दिवशी फुल लोड देणंही चुकीचंच. कल्टिव्हेटर लावला, हलक्या रानात, मध्यम रेसवर. एक तास जोराने ओढायचं, मग जरा ढील, पुन्हा ओढायचं. एकाच रेसवर धरून ठेवायचं नाही. बांधावर उभं राहून गप्पा मारायच्या तर इंजिन बंद. तापमानाच्या काट्यावर माझी नजर चिकटलेली होती. दुसऱ्या दिवशी थोडं खोल लावलं. दहा-बारा तासांत ब्रीदरची फसफस कमी झाली. ती ऐकू येईना तेव्हा मी उतरून हात धरून बघितला होता, खरंच.

५० तासांनी तेल आणि फिल्टर दोन्ही बदललं. तेल अजून कामाचं दिसत होतं, पण घासलेल्या लोखंडाची भुकटी त्यातच असते. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी, बोटाला न टोचणारा लेप होता. टोचणारे कण असते तर काळजी. हेडचे बोल्ट पुन्हा टाईट केले, टॅपेट सेट केले. दुसरं तेलही मिनरलच टाकलं, कारण तोवर माझी सिंथेटिकची हौस फिटली होती.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. सकाळी ओट्यावर नाना चहा घेत होते. मी दांडी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल वरच्या खुणेला. त्यांच्याकडे बघत थांबलो. त्यांनी काही विचारलंच नाही. बशी खाली ठेवली आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.