टॉवरमधला फ्लॅट बघायचा तर नवतपात, दुपारी चारला

नागपुरात ब्रोकर फ्लॅट दाखवायला नेतो संध्याकाळी सातला. पंधराव्या मजल्याच्या बाल्कनीतून बर्डीचे दिवे, खालून सरकणारी मेट्रो, वर छान वारा. माणूस तिथेच टोकन देऊन मोकळा होतो. रामदासपेठ, धंतोली, सिव्हिल लाइन्स, कुठेही बघा, पण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी चारला जा आणि मोबाइलमधलं होकायंत्र उघडा.

नागपूर 21 अंश अक्षांशावर. 26 मेच्या आसपास इथे शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. मारतं ते पश्चिमेचं. मेअखेर सूर्य मावळतो तोही पश्चिमेपासून 22-23 अंश उत्तरेला सरकून, म्हणून वायव्येची बेडरूमही तापते. वास्तूच्या नावाखाली दक्षिणेला नाक मुरडणारे हीच खोली हौसेने निवडतात!

मग भिंत कशाची ते विचारा. हल्ली बरेच टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून, म्हणजे साइटवरच्या भाषेत मायवानने, उभे राहतात. त्यात बाहेरची भिंतही काँक्रीटची असते. एएसी ब्लॉकपेक्षा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांपेक्षा, ती कितीतरी जास्त उष्णता आत आणते, दिवसभर साठवते आणि रात्री खोलीत सोडते. शिवाय नंतर एसीचा पॉइंट हलवायचा तर या भिंतीत झिरी मारता येत नाही; वायरची पट्टी भिंतीवरूनच फिरवावी लागते. अशा भिंतीला पश्चिमेची मोठी काच जोडलेली असेल तर जाड पडद्याचा उपयोग थोडाच, कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं. ते बाहेरच अडवायला हवं.

सगळ्यात जास्त वेळ एसीच्या आउटडोअर युनिटच्या जागेवर घालवा. दर्शनी भाग सुंदर दिसावा म्हणून ही युनिटं अरुंद डक्टमध्ये एकावर एक बसवतात. खालच्या मजल्यांची गरम हवा वर चढते आणि वरची युनिटं तीच ओढतात. बाहेर 45 अंश असताना डक्टमधला पारा आणखी वर जातो, कॉम्प्रेसर ट्रिप होतो आणि कंपनीचा माणूस गॅस भरून निघून जातो. गॅसचा दोष नसतोच. डक्टची एक बाजू पूर्ण उघडी हवी, पंख्यासमोर जाळी किंवा तिरप्या पट्ट्या नकोत, आणि सर्व्हिसवाल्याला उभं राहायला जागा हवी. कूलरवर भिस्त असेल तर सोसायटीची नियमावली आधी वाचा; खिडकीला स्टँड लावायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. सर्व्हिस बाल्कनीत नळ आणि निचरा आहे का? आणि ओली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूची खिडकी?

पाण्याचं गणित सोपं आहे. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब. टाकीच्या लगेच खालच्या मजल्याला जेमतेम 0.3-0.4 बार मिळतो आणि त्यात महागडा शॉवर नुसता ठिबकतो. म्हणून वरच्या तीन-चार मजल्यांना बूस्टर पंप लागतो. उलट वीस मजले खाली दाब 6 बारवर जातो. दाब कमी करणारा प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह नसेल तर फ्लशचे व्हॉल्व्ह आणि गीझरचे पाइप गळायला लागतात.

‘फुल पॉवर बॅकअप’ म्हणजे किती किलोवॅट, ते करारात लिहून घ्या. एक किलोवॅटवर दिवे, पंखे, फ्रिज चालतात, दीड टनाचा एसी नाही. लिफ्ट आणि पाण्याचा पंप जनरेटरवर आहेत का, हेही बघा.

टोकनबद्दल एक: रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि ताबा घेताना स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये एक मग पाणी ओता. ते बाहेरच्या छिद्रांतून वाहून गेलं पाहिजे. बांधकामाच्या धुळीने छिद्रं बुजलेली असली तर जुलैच्या पहिल्या आडव्या पावसात पाणी हॉलमध्ये येणार.