हेदवीच्या खडपावर गरवायला

निघताना आधी तिथी पाहिली: सप्तमी, म्हणजे भांगाचं, कमी ओढीचं पाणी. खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकाळ पट्ट्यावर, गोबरे (कपारीत राहणारे मासे) गरवायचे तर उधाण टाळाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला इतकी ओढ असते की वजन तळाला ठरत नाही आणि दोरी कपारीत ओढली जाते. वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो. तिथीला तीनने गुणून चारने भागायचं. सप्तमीला सव्वापाच येतात. तेव्हा पूर्ण भरती आणि तिथून सव्वासहा तासांनी, साडेअकराच्या सुमारास, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी.

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला आम्ही दहालाच पोहोचलो आणि उमामहेश्वराच्या देवळाकडून खडपावर उतरलो. गरी, म्हणजे गळ, पिशवीतच ठेवली. पाणी उतरलेलं असताना खडप पायाखाली घालणं हे या गरवण्यातलं सगळ्यात मोलाचं काम. कुठली कपार खोल आहे, कालवं कुठे चिकटलीत, दगड संपून वाळू कुठे लागते, हे डोळ्यांत साठवा. पाणी चढू लागलं की बारक्या कुर्ल्या, झिंगे हलायला लागतात आणि गोबरा कपारीच्या तोंडाशी दबा धरतो. गरी तिथेच पडायला हवी, लांब फेकून काही मिळत नाही.

हातदोरीच वापरली. बारीक तंगूस (नायलॉनची दोरी), छोटी गरी, सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. वजनाला शिशाऐवजी जुना लोखंडी नट, तोही मुख्य दोरीपेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधलेला. अडकला तर तेवढाच तुटतो, गरी आणि मासा दोन्ही हाती राहतात. भरतीच्या पहिल्या दोन तासांतच खरी हालचाल झाली. टोचणी जाणवली की लगेच वर उचला. गोबरा बिळात शिरलाच, तर जोर लावू नका. दोरी ढिली सोडून थांबा, बहुतेक वेळा तो आपणहून बाहेर येतो.

शिंगटी, म्हणजे काटेवाला मिशाळ मासा, लागली तर पक्कड घ्या. पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. आम्ही थर्मासमध्ये पाणी नेलं होतं.

बामणघळीच्या कडेला मात्र अजिबात बसू नका. भरतीचं पाणी त्या अरुंद घळीत घुसून उंच उसळतं. इतरत्रही बसण्याआधी पंधरा मिनिटं लाटा बघा, समुद्राकडे पाठ करू नका, हिरवं शेवाळ टाळा आणि चपलांऐवजी कॅनव्हासचे बूट घाला. पावसाळ्यात इथे येऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

वीतभरही नसलेले गोबरे आम्ही सोडून दिले. गोबरा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात, म्हणून बारके आणि खूप मोठे, दोन्ही पाण्यात राहायला हवेत. मधल्या मापाचे चार-सहा एका घराच्या कालवणाला भरपूर होतात.