इप्टॉइनची लेव्हल आणि काउंटरवरचा फॉर्म

"पेशंट उपाशी आहे का?" हे आम्हाला लॅबच्या काउंटरवर पुन्हापुन्हा विचारलं गेलं. सकाळची गोळी घेतली का, हे कुणीच विचारलं नाही. खरं तर फिटच्या औषधाची रक्तातली लेव्हल बघायच्या या तपासणीला उपाशी राहायची गरजच नसते, गोळीची वेळ मात्र फार महत्त्वाची.

बाबांना अपस्मार आहे. इप्टॉइन, म्हणजे फेनिटॉइन, कित्येक वर्षं चालू आहे आणि फिट्स आटोक्यात आहेत. यंदा किडनीचा आजार निघाला, लघवीतून प्रथिनं जायला लागली, पाय सुजले. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनी रक्तातली लेव्हल करायला सांगितली आणि चिठ्ठीवर स्वतः लिहून दिलं: सकाळच्या डोसआधी रक्त घ्यावे. गोळीनंतर लेव्हल चढते, पुढच्या गोळीआधी सर्वांत खाली येते, आणि डॉक्टरांना तीच बघायची असते.

चिठ्ठी काउंटरवर दिली. फॉर्मवर नाव, वय, लिंग, उपाशी की जेवून, एवढेच रकाने. शेवटची गोळी कधी घेतली, आणखी कुठली औषधं चालू आहेत, किडनी-लिव्हरचा आजार आहे का, यातलं काही नाही. मी म्हटलं, गोळीची वेळ लिहा. "त्याची गरज नसते, मॅडम." आमच्या पुढे साखरेच्या तपासणीवाल्यांची रांग. गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्ये, घड्याळ पुढे सरकतंय, आणि ज्यांना गोळी चुकली तर फिट येऊ शकते ते बाबा खुर्चीत मुकाट बसलेले. यांना आधी घ्या म्हटलं तर, "सगळेच उपाशी आहेत." मला तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही. शेवटी मी पेन मागून घेतलं आणि फॉर्मच्या समासात रात्रीच्या गोळीची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ ठळक लिहिली. तुम्हीही लिहाच. रक्त दिल्या दिल्या गोळी देता यावी म्हणून पाण्याची बाटली आणि बिस्किटं जवळ ठेवा.

रिपोर्ट आला ७.८. नेहमीची मर्यादा १० ते २०, म्हणून आकडा ठळक छापलेला. घरी सगळे म्हणाले, डोस वाढवायला हवा. डॉक्टरांनी आधी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, किती ते विचारलं. ते होतं २.५, म्हणजे कमी. रक्तातलं जवळजवळ ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. उरलेलं मोकळं औषधच मेंदूवर काम करतं. अल्ब्युमिन कमी झालं की एकूण आकडा कमी दिसतो, मोकळं औषध मात्र पुरेसं असू शकतं. त्यांनी कागदावर हिशेब केला: ०.२ गुणिले अल्ब्युमिन, अधिक ०.१, त्याने ७.८ ला भागायचं. उत्तर १३. डोस आहे तोच ठेवला. मला केवढं हायसं वाटलं! हा हिशेब अंदाजाचाच असतो. काही मोठ्या लॅबमध्ये मोकळ्या फेनिटॉइनची वेगळी तपासणी होते, तीही विचारून बघा.

आकडा बघून घरच्या घरी डोस वाढवू नका, हे कळकळीने सांगते. या औषधाला पचवण्याची लिव्हरची क्षमता एका टप्प्यावर संपते. त्यानंतर थोडासा डोस वाढला तरी लेव्हल एकदम उसळते आणि तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गुंगी सुरू होते.

आणखी एक राहिलं. टीबीच्या आयसोनियाझिडने फेनिटॉइनची लेव्हल वाढते, काही अँटासिडने कमी होते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना किडनीच्या, पोटाच्या, सगळ्याच गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या.